कौल आणि परवाना
(ट्रान्सव्हालमधील हिंदी रहिवाशांच्या अर्जाची हकीकत)

मराठी दप्तरांतून वावरणाऱ्या अभ्यासकाला दोन शब्द वारंवार भेटतात. एक कौल आणि दुसरा परवाना. नवी पेठ वसवावयाची, ओसाड पडलेला गाव पुन्हा लागवडीस आणावयाचा, तर सरकार वाण्याउदम्यांस, कोष्ट्यांस, कुणब्यांस कौल देई. तुम्ही येऊन राहा, अमुक वर्षे कर घेतला जाणार नाही, तुम्हांस उपसर्ग लागणार नाही, असे ते अभयवचन असे. परवान्याची रीत याच्या उलट. तेथे माणूस मागतो आणि सरकार देते, अथवा देत नाही. जुन्या राजवटी अधिक दयाळू होत्या असे आम्ही म्हणत नाही. कौलाच्या मुळाशी वसुलाची गरज होती, आणि गरज सरली म्हणजे कौलातील गोडवाही सरे. परंतु कौलावर आलेल्या माणसाने 'मी येथे का राहतो' याचा जबाब द्यावा, ही कल्पना त्या व्यवहारात नव्हती. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या आमच्या वाचकांपैकी कित्येकांचे पूर्वज अशाच एखाद्या कौलावर, सनदेवर वा चाकरीच्या हुकमावर त्या त्या गावी गेले असतील. हैदराबादकडील मंडळींना मात्र दुसराही अनुभव आहे. १९१९ च्या फर्मानाने ठरलेल्या मुलकीच्या नियमांत पंधरा वर्षांची कायम वस्ती आणि मूळ गावी परत जाण्याचा विचार सोडल्याचे प्रतिज्ञापत्र या गोष्टी होत्या. तथापि तो प्रश्न नोकरीचा होता, राहण्याचा नव्हता.

राहण्याचीच परवानगी मागावयास लावणे, आणि तीही आधीपासून राहत असलेल्या माणसास, याचे अर्वाचीन इतिहासातील एक अत्यंत बोधक उदाहरण दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सव्हालमध्ये घडले. त्या लढ्याची हकीकत आपल्याकडे सत्याग्रहाचा उगम म्हणून सांगितली जाते, आणि ते बरोबरच आहे. पण तसे सांगताना लढा ज्या कागदाभोवती चालला तो कागद मागे पडतो. आम्हांस येथे त्या कागदाकडेच पाहावयाचे आहे.

ट्रान्सव्हाल बोअर लोकांच्या हाती होते तेव्हा तेथील हिंदी लोकांना १८८५ चा तिसरा कायदा लागू होता. व्यापारासाठी राहावयास येणाऱ्या आशियाई माणसाने आल्यापासून आठ दिवसांत नोंदणी करावी आणि २५ पौंड भरावे, असा तो मूळ कायदा होता. पुढच्याच वर्षी ही रक्कम ३ पौंडांवर आली. नागरिकत्व नाही, ठरावीक वस्तीबाहेर जमीन घेता येत नाही, अशी इतरही कलमे होती. कायदा अपमानकारक होता यात शंका नाही. पण त्यातील नोंदणी म्हणजे एका वहीत नाव आणि हातात पैशांची पावती, एवढेच. अंमलबजावणीही ढिलाईची असे. बोअर सरकारशी इंग्रजांचे युद्ध जुंपले तेव्हा ब्रिटिश मंत्री लॉर्ड लॅन्सडाउन यांनी १८९९ मध्ये शेफील्ड येथील भाषणात तेथील हिंदी प्रजाजनांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल मोठा संताप व्यक्त केला होता. पुढे जे झाले ते पाहता हे भाषण वाचवत नाही.

युद्धाच्या धामधुमीत बहुतेक हिंदी लोक ट्रान्सव्हाल सोडून नाताळात, केप वसाहतीत किंवा हिंदुस्थानात गेले होते. १९०२ च्या मे महिन्यात तह झाला आणि ते आपापल्या दुकानांकडे परतू लागले. तेव्हा त्यांना कळले की परतण्यास परवाना लागतो. शांतता रक्षणाच्या वटहुकमाखाली हा परवाना सर्वांनाच घ्यावा लागे, पण गोऱ्या माणसाला तो बंदरावर मागताक्षणी मिळे. हिंदी माणसाने मात्र नव्याने उघडलेल्या एशियाटिक खात्याकडे अर्ज करावयाचा, आपण युद्धापूर्वी येथे राहत होतो हे दाखवावयाचे आणि वाट पाहावयाची. जेथे वाट पाहावी लागते तेथे दलालही उगवतात. त्या खात्यात परवान्यांचा बाजार मांडला गेला आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. स्वतःच्या घरी परतण्यासाठी माणसे पैसे मोजीत होती.

१९०३ मध्ये लॉर्ड मिल्नर यांनी हिंदी लोकांना सल्ला दिला की, १८८५ च्या कायद्याखाली पुन्हा एकदा नोंदणी करून घ्यावी, एकदा नाव नोंदले गेले म्हणजे पुन्हा नोंदणी नको, नवा परवाना नको, राहण्याचा आणि येण्याजाण्याचा हक्क पक्का झाला. कायद्याने हे करणे बंधनकारक नव्हते, तरी पुढाऱ्यांनी ते मान्य केले. या दाखल्यावर धारकाचे नाव, वय, वर्णन आणि उजव्या अंगठ्याचा ठसा असे. ही घटना आम्हांस महत्त्वाची वाटते. ठशाला त्या वेळी कोणी हरकत घेतली नाही. सरकारने शब्द दिला, लोकांनी अंगठा दिला. एका अर्थाने तो कौलच होता.

तीनच वर्षांत तो मोडला. २२ ऑगस्ट १९०६ रोजी नव्या वटहुकमाचा मसुदा राजपत्रात प्रसिद्ध झाला. ट्रान्सव्हालमध्ये राहण्याचा हक्क असलेल्या प्रत्येक हिंदी माणसाने, आठ वर्षांवरील मुलांसह, एशियाटिक खात्याच्या निबंधकाकडे अर्ज करून नवा दाखला घ्यावा. जुने परवाने परत करावे. अर्जात नाव, जात, वय, ठिकाण सांगावे, निबंधकाने अंगावरच्या खुणा टिपाव्या, बोटांचे आणि अंगठ्यांचे ठसे घ्यावे. मुदतीत जो अर्ज करणार नाही त्याचा राहण्याचा हक्क संपेल, शिवाय दंड, तुरुंग किंवा हद्दपारी. रस्त्यात कोणत्याही पोलिसाने मागितला की दाखला दाखवावा. तपासणीसाठी पोलिसाला घरात शिरता येईल. मूळ मसुद्यात स्त्रियाही होत्या. ते कलम ओरड झाल्यावर गाळण्यात आले.

मसुद्याची खुबी अशी की तो हक्क असलेल्यांनाच लागू होता. ज्यांना हक्क नव्हता त्यांना घालवून देण्यास पूर्वीचा वटहुकूम होताच. म्हणजे ज्याला राहण्याचा अधिकार आहे त्याने तो सोडून द्यावयाचा आणि अर्जदार म्हणून पुन्हा मागावयाचा. काल जो रहिवासी होता तो अर्ज लिहावयास बसला त्या क्षणी आगंतुक झाला, आणि दाखला हाती पडला तरी तो सरकारच्या मर्जीने राहणारा झाला. हे केवळ शब्दच्छल नव्हे. पुराव्याचा बोजा एका बाजूवरून उचलून दुसऱ्या बाजूवर ठेवला गेला होता. आधी सरकारने दाखवावयाचे होते की हा माणूस चोरून आला आहे. आता प्रत्येक माणसाने दाखवावयाचे होते की आपण चोर नाही.

सरकारची बाजूही सांगितली पाहिजे. हिंदी लोक टोळ्याटोळ्यांनी बेकायदा घुसत आहेत, एकाचा परवाना दुसरा वापरतो, असे त्यांचे म्हणणे होते. चोरून आलेला कोणी नव्हताच असा दावा गांधींनीही केलेला नाही. पण त्यासाठी सुमारे १३,००० माणसांच्या सबंध वस्तीला संशयित ठरवावे काय, हा प्रश्न उरतोच.

आता बोटांच्या ठशांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण ही विद्या आपल्याच देशात सिद्ध झालेली आहे. बंगालमध्ये जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने १८५८ मध्ये राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराकडून रस्त्याच्या खडीचा करार करून घेतला आणि तो नाकबूल होऊ नये म्हणून कागदावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. पुढे बंगालचे पोलिस प्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघा हिंदी अधिकाऱ्यांनी ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत बसविण्यात मोठा वाटा उचलला. १८९७ मध्ये कलकत्त्यास ठशांचे दप्तर सुरू झाले. पद्धतीला नाव मात्र हेन्रींचे मिळाले, आणि ते १९०० मध्ये पोलिस दलाच्या उभारणीसाठी काही काळ ट्रान्सव्हालमध्ये होते. १९०४ पासून तेथील सोन्याच्या खाणींसाठी ६३,००० हून अधिक चिनी मजूर करारावर आणले गेले, त्यांचे दहाही बोटांचे ठसे घेतले गेले. अशा रीतीने हिंदी बोटांवर तयार झालेली विद्या समुद्र ओलांडून पुन्हा हिंदी बोटांपर्यंत पोहोचली.

एक अंगठा आणि दहा बोटे यांत नेमका फरक काय? आपल्याकडे अंगठा हे निरक्षराचे चिन्ह समजले जाते, आणि लिहिता-वाचता येणाऱ्या व्यापाऱ्याला ते लागले असेल हे खरे. पण खरा भेद त्याहून खोल आहे. कागद हाती घेऊन समोर उभा असलेला माणूस हाच त्या कागदाचा धनी आहे की नाही, हे ताडून पाहण्यास एक अंगठा पुरतो. दहा बोटांची गरज पडते ती माणूस समोर नसताना, किंवा तो नाव बदलून आला असताना, हजारो ठशांतून त्याला हुडकून काढावयाचे असेल तेव्हा. वर्गीकरणाची सारी पद्धत त्यासाठी आहे, आणि त्या काळी तिचा उपयोग गुन्हेगारांच्या शोधासाठी होई. गांधींनी हेन्रींचे पुस्तक मिळवून वाचले आणि नेमक्या याच मुद्द्यावर बोट ठेवले. एका अंगठ्याने दाखल्याची ओळख पटत असता दहा बोटे मागणे म्हणजे रहिवाशांची वही गुन्हेगारांच्या वहीच्या नमुन्यावर बांधणे होय.

११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात सुमारे ३,००० हिंदी लोक जमले. कायदा झाला तरी नोंदणी करावयाची नाही आणि त्याबद्दलची शिक्षा भोगावयाची, असा ठराव होता. शेठ हाजी हबीब यांनी तो ईश्वरास साक्षी ठेवून करावा असे सुचविले, तेव्हा गांधी क्षणभर चमकले आणि ठराव व शपथ यांतील अंतर त्यांनी सभेला समजावून सांगितले. ही कथा सर्वश्रुत आहे. मग गांधी आणि हाजी वजीर अली विलायतेस गेले आणि वटहुकमास राजाची मंजुरी मिळाली नाही. पण १ जानेवारी १९०७ पासून ट्रान्सव्हालला अंतर्गत स्वराज्य मिळणार होते, ते मिळताच मार्चमध्ये तोच वटहुकूम कायदा होऊन आला. लंडनचे हात स्वच्छ राहिले.

जुलै १९०७ मध्ये प्रिटोरियापासून आरंभ करून गावोगाव परवाना कचेऱ्या उघडल्या. त्यांच्या दारांशी स्वयंसेवक उभे राहत. कोणाला अडवावयाचे नाही, अपशब्द बोलावयाचा नाही, फक्त कायदा काय आहे तो समजावून सांगावयाचा, अशी त्यांना ताकीद होती. तरी धाक मुळीच नव्हता असे नाही. धमक्या देणारेही निघाले, आणि हे गांधींनीच लिहून ठेवले आहे. काही व्यापाऱ्यांनी रात्रीच्या वेळी एका दुकानात अधिकाऱ्यांना बोलावून गुपचूप ठसे दिले. वस्तीची लाजही मोठी होती. एका चिनी रहिवाशाने नोंदणी केल्यावर, आपण काय केले हे उमगून, आत्महत्या केली. मुदत वाढवीत वाढवीत ३० नोव्हेंबरपर्यंत नेली, तरी नोंदणी केलेल्यांची संख्या ५०० च्या आसपासच राहिली.

१० जानेवारी १९०८ रोजी गांधींना दोन महिन्यांची साधी कैद झाली. तुरुंगातूनच त्यांनी, चिनी पुढारी लिअंग क्विन आणि थंबी नायडू यांनी तडजोडीच्या पत्रावर सह्या केल्या. लोकांनी आपण होऊन नोंदणी करावी, मग सरकार कायदा मागे घेईल, असे ठरले असा गांधींचा समज होता. जनरल स्मट्स यांनी तसे वचन दिले होते की नाही हा वाद पुढे कायमचा राहिला. आम्हांस येथे लक्ष वेधावयाचे आहे ते निराळ्या गोष्टीकडे. आपखुशीच्या नोंदणीत दहा बोटांचे ठसे होतेच. सुशिक्षित व प्रतिष्ठित माणसांना सही करून सुटता येत होते, पण गांधींनी स्वतः ती सवलत घ्यावयाची नाही असे ठरविले. कालपर्यंत ज्याला पाप म्हटले ते आज पुण्य कसे झाले, असे लोकांनी विचारले, आणि विचारणाऱ्यांना मूर्ख म्हणता येणार नाही. गांधींचे उत्तर असे की, सक्तीने घेतलेली आणि स्वखुशीने दिलेली गोष्ट एक नव्हे. आमच्या मते हे उत्तर पोकळ नाही. १९०३ च्या अंगठ्याच्या वेळी लोक तेच बोलले होते, फक्त त्यांनी ते शब्दांत मांडले नव्हते. परंतु ज्यांना दहा बोटांची निंदा महिनोन्‌महिने ऐकविली, त्यांना हा सूक्ष्म भेद एका रात्रीत पटावा ही अपेक्षा जास्त होती.

१० फेब्रुवारीच्या सकाळी गांधी नोंदणीसाठी निघाले असता मीर आलम या पठाणाने, जो त्यांचा पूर्वीचा अशील होता, त्यांना वाटेत गाठून कोठे चाललात असे विचारले. गांधींनी सांगितले की दहा बोटांचे ठसे देऊन दाखला घ्यावयास चाललो आहे, तुम्ही बरोबर आलात तर तुम्हांस नुसत्या अंगठ्यांवर आधी मिळवून देतो. उत्तरादाखल डोक्यावर काठी बसली. रेव्हरंड डोक यांच्या घरी, रक्ताने माखलेल्या अवस्थेत, गांधींनी निबंधक चॅम्नी यांना कागद घेऊन बोलाविले आणि पहिल्या दाखल्यासाठी ठसे दिले. ज्याच्याविरुद्ध आपण कडवट लिहिले त्या चॅम्नींच्या डोळ्यांत त्या वेळी पाणी आले, असे गांधींनी नमूद केले आहे. तीन महिन्यांत ८,००० हून अधिक अर्ज आले. जेथे कायद्याच्या धाकाने पाचशे आले, तेथे विनंतीने इतके.

कायदा मात्र मागे घेतला गेला नाही. उलट आपखुशीच्या नोंदणीला कायदेशीर रूप देणारा नवा कायदा पुढे आला. १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात तीन पायांच्या एका मोठ्या कढईत दोन हजारांच्या आसपास दाखले घासलेट ओतून जाळण्यात आले. सरकारचा नकार कळविणारी तार सायकलवरून येऊन पोहोचली होती. गांधींवर हल्ला करून चूक केली असे सांगत मीर आलमही तेथे आला, आणि त्याने आपला दाखला दिला. जळले ते दाखले लोकांनी आपण होऊन घेतलेले होते, त्यांच्या बळावर ते निर्वेध राहू शकत होते, हे विसरता कामा नये.

आणि त्याची किंमत खरोखर द्यावी लागली. सरकारने सत्याग्रहींना हिंदुस्थानात हद्दपार करण्यास आरंभ केला. नारायणस्वामी नावाचा तमिळ सत्याग्रही असाच हद्दपार होऊन परतला, तेव्हा त्याला एकाही बंदरावर उतरू दिले नाही. या बंदरातून त्या बंदरात, जहाजाच्या उघड्या फळ्यांवर अपुऱ्या वस्त्रांनिशी हिंडत, ऑक्टोबर १९१० मध्ये डेलागोआ बे येथे तो मरण पावला.

या लढ्याशी मराठी माणसाचा संबंध कोणता, असे आमचे वाचक विचारतील. गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव प्रथम येते. नाताळसाठी करारबद्ध मजूर भरती बंद करण्याचा ठराव त्यांनी १९१० मध्ये कायदेमंडळात आणला, आणि पुढील वर्षी ती भरती थांबली. १९१२ च्या ऑक्टोबरात ते स्वतः दक्षिण आफ्रिकेत गेले. ट्रान्सव्हालमध्ये त्या वेळी कोकणी मुसलमान आणि महाराष्ट्रातील काही हिंदू राहत होते, आणि गोखल्यांचे मराठी भाषण ऐकण्याची त्यांना फार उत्कंठा होती. हिंदी लोकांच्या सभेत इंग्रजी न बोलता मराठीत बोलावे, आपण हिंदुस्थानीत भाषांतर करू, असा गांधींनी आग्रह धरला. तुमचे हिंदुस्थानी आम्हांस ठाऊक आहे, आता मराठीही केव्हा शिकलात, अशी गोखल्यांनी थट्टा केली, पण ऐकले. तेथून थेट झांझिबारपर्यंत देशबांधवांच्या सभांतून ते मराठीतच बोलले. हा प्रसंग गांधींनी येरवड्याच्या तुरुंगात लिहावयास घेतलेल्या इतिहासात येतो. रत्नागिरीकडच्या त्या मुसलमान उदम्याला, खिशात दाखला बाळगून, सभेत आपली भाषा ऐकू आली तेव्हा काय वाटले असेल हे कोणी लिहून ठेवलेले नाही. आम्हांस त्या रिकाम्या जागेची रुखरुख वाटते.

त्याहून मोठी रिकामी जागा आणखी एक आहे. ट्रान्सव्हालमधील आफ्रिकी माणूस आपल्याच भूमीत पास घेऊन हिंडत होता. हिंदी पुढाऱ्यांच्या तक्रारींत, आम्हांस त्यांच्या पंक्तीला बसविले, हा सूर पुन्हा पुन्हा ऐकू येतो. पासाची पद्धतच अन्यायाची आहे असे त्यांनी त्या काळी म्हटले नाही. नव्या आगंतुकांवर निर्बंध घालण्याचा वसाहतीचा अधिकारही त्यांनी तत्त्वतः मान्य केला होता. त्यांचे भांडण आत असलेल्यांसाठी होते. हा दोष झाकून ठेवण्यात अर्थ नाही, आणि त्यामुळे लढ्यातील धैर्य कमी होते असेही आम्ही समजत नाही.

१९१३ मध्ये लढा नाताळातील मजुरांपर्यंत पोहोचला, तीन पौंडांचा वार्षिक कर आणि हिंदी विवाहांची वैधता हे प्रश्न पुढे आले, संप झाला, मोर्चा निघाला. त्याची हकीकत अन्यत्र पुष्कळ विस्ताराने उपलब्ध आहे. जून १९१४ मध्ये केपटाउनच्या संसदेने हिंदी लोकांच्या सवलतीचा कायदा संमत केला. करविषयक आणि विवाहविषयक कलमांची चर्चा त्या काळी फार झाली. तिसरे कलम त्यांच्या मानाने कोरडे, म्हणून दुर्लक्षित राहिले. ते असे की, नाताळमधील वास्तव्याचा दाखला ज्याच्याजवळ आहे, आणि त्या दाखल्यावरील अंगठ्याचा ठसा ज्याच्या अंगठ्याशी जुळतो, त्याला देशात येण्याचा हक्क असल्याचा तोच निर्णायक पुरावा समजावा. निबंधकाने त्याच्याकडे दुसरा पुरावा मागावयाचा नाही. दहा बोटे तेथे नव्हती.